सीनेच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी... आणि कायदा नेमका कुणाचा?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

यंदा १७ सप्टेंबरला आमच्या आष्टी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मला भाषणाला बोलावलं होतं. मुक्तिसंग्राम दिनाचं भाषण म्हणजे काय, वीस वर्षांत माझं पाठ झालंय. रझाकारांचे अत्याचार, हद्दीवरचे कॅम्प, स्वामीजी, सरदार पटेल, पोलीस ॲक्शन, टाळ्या. भाषण झालं, टाळ्याही झाल्या. मग बारावीचा एक पोरगा उठला. म्हणाला, "सर, आपलं सैन्य १९४८ ला दुसऱ्याच्या हद्दीत गेलं होतं का स्वतःच्याच? दुसऱ्याच्या गेलं असेल तर ते आक्रमण झालं ना? आणि स्वतःच्याच असेल तर मग मुक्ती कुणापासून?"

प्राचार्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. मी वाचलो. पण पोराला सांगून आलो की वाचून उत्तर देतो. हे ते उत्तर. जमेल तसं.

आधी हद्द काय होती ते सांगतो, कारण आजच्या पोरांना हे खरंच वाटत नाही. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. शेजारचा नगर (आता अहिल्यानगर) इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. काही ठिकाणी सीना नदी हीच हद्द. नदीच्या अलीकडे मोगलाई, पलीकडे इंग्रजी. माझ्या आजीचं माहेर पलीकडचं, सासर अलीकडचं. ती सांगायची, माहेराहून येताना नवं लुगडं मिळालं की ते अंगावरच्या लुगड्यावर गुंडाळून यायचं, म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई त्यावर जकात लावणार नाही. एकदा तिने दोन लुगडी नेसली होती आणि शिपायाने विचारलं, "बाई, एवढी जाड कशी झालीस माहेरी?" हे सांगताना म्हातारी पदर तोंडाला लावून हसायची. माझ्यासाठी आंतरराष्ट्रीय सीमेची पहिली गोष्ट ही.

नाणंसुद्धा वेगळं. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार. सहा कलदार रुपये म्हणजे साधारण सात हाली. कचेरीत उर्दू, कागदावर फसली साल. आणि हद्द सरळ रेषेत असती तरी बरं, तशीही नव्हती. जामखेड तालुक्यातली कितीतरी गावं इंग्रजांची, पण चहूबाजूंनी निजामाचा मुलूख. तिकडे सोलापूर-बार्शीकडे उलट, इंग्रजी मुलखाच्या पोटात निजामाची गावं. एका गावातून निघून दुसऱ्या गावाला जायचं तर वाटेत दोनदा राज्य बदलायचं.

आता प्रश्न असा, की ही हद्द दोन देशांमधली होती का?

इंग्रजांच्या काळात उत्तर सोपं होतं. नव्हती. निजाम आपल्या घरात राजा, पण परराष्ट्र व्यवहार, संरक्षण, वारसा या सगळ्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता. पण १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा झाला आणि त्याच्या ७ व्या कलमाने संस्थानांवरची ब्रिटिश सत्ता संपली. संपली, म्हणजे भारताकडे आली नाही. नुसतीच संपली. निजामाने जून १९४७ मध्येच फर्मान काढून टाकलं की इंग्रज गेले की मी स्वतंत्र राजा. त्याचे कायदेशीर सल्लागार वॉल्टर माँकटन म्हणजे लंडनचे नामांकित बॅरिस्टर, तेव्हा कागद पक्के होते.

त्याच ७ व्या कलमाला एक पुरवणी होती, तिच्याकडे कुणी बघत नाही. जकात, वाहतूक, दळणवळण, टपाल-तार याबाबतचे जुने करार कुणीतरी नाकारेपर्यंत किंवा नवे होईपर्यंत चालू राहतील, असं तिच्यात लिहिलेलं. म्हणजे राजा स्वतंत्र झाला असेल, पण करोडगिरीचा नाका होता तसाच. आजीच्या लुगड्याला स्वातंत्र्य मिळालं नाही.

मग २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. मुदत एक वर्ष. इंग्रजांच्या वेळी जी व्यवस्था होती तीच, परराष्ट्र, संरक्षण, दळणवळणासह, चालू ठेवायची. भारत इंग्रजांसारखी वरचढ सत्ता गाजवणार नाही, हेही त्यात लिहिलेलं. एकमेकांकडे प्रतिनिधी पाठवायचे; हैदराबादला कन्हैयालाल मुन्शी गेले. आणि चौथं कलम असं, की वाद झाला तर दोन्ही बाजूंचा एकेक लवाद आणि त्या दोघांनी नेमलेला एक पंच. हे कलम कधी वापरलंच गेलं नाही. मला विचाराल तर हा करार दोघांनीही वेळ काढायलाच केला होता. निजामाला शस्त्रं जमवायला वेळ हवा होता आणि दिल्लीचे हात तेव्हा काश्मीरमध्ये गुंतलेले.

करार झाला आणि हद्द पेटली. इथून पुढचं आपल्याला अर्धं माहीत असतं. कासिम रझवी, मूळचा लातूरचा वकील, त्याचे रझाकार गावं जाळत होते, लुटत होते. मराठवाड्यातले लोक बायकापोरं घेऊन हद्द ओलांडून नगर, सोलापूर, खानदेशात जात होते. स्वामी रामानंद तीर्थ, जे आपल्या अंबाजोगाईला (तेव्हाचं मोमिनाबाद) योगेश्वरी शाळेत शिकवायचे, ते तुरुंगात. आणि स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने, दिगंबरराव बिंदूंच्या नेतृत्वाखाली, हद्दीच्या पलीकडे कॅम्प उघडले. मनमाड, सोलापूर, बार्शी, नगरची बाजू. तिथून पोरं रात्री मोगलाईत यायची, करोडगिरीचा नाका जाळायची, पोलीस चौकीवर हल्ला करायची, पहाटे परत. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली ती याच लढ्यासाठी.

यातलं दुसरं अर्धं आपण बोलत नाही. हे कॅम्प भारताच्या भूमीवर होते आणि हल्ले निजामाच्या भूमीवर. हैदराबादने पुढे संयुक्त राष्ट्रांकडे जी तक्रार केली, तिच्यात हद्दीवरचे छापे, आर्थिक नाकेबंदी आणि हल्ल्याच्या धमक्या, हेच मुद्दे होते. त्या तक्रारीतले 'सशस्त्र टोळीवाले' म्हणजे आपले स्वातंत्र्यसैनिक. ज्यांच्या फोटोला मी हार घालतो ते.

कायदा काय म्हणतो? देशादेशांमधल्या कायद्यात एक जुनं तत्त्व आहे की आपल्या जमिनीचा वापर दुसऱ्या देशाला इजा करायला होऊ द्यायचा नाही. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ते ९ एप्रिल १९४९ ला, म्हणजे आपल्याकडचं सगळं उरकल्यावर सात महिन्यांनी, कॉर्फू खाडीच्या खटल्यात स्पष्ट शब्दांत मांडलं. अल्बानियाच्या पाण्यात सुरुंग होते, ब्रिटिश जहाजं फुटली, माणसं मेली. न्यायालय म्हणालं, सुरुंग अल्बानियाने पेरले नसतील, पण माहीत असून गप्प बसला, म्हणून जबाबदार.

आणि हद्द ओलांडून पाठलाग? त्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १८३७ चं आहे आणि ते वाचताना मला आपली सीनाच दिसत होती. कॅनडात इंग्रजांविरुद्ध बंड झालं. बंडखोर नायगारा नदीतल्या बेटावर, आणि त्यांना माणसं, सामान पुरवणारी बोट 'कॅरोलाइन' अमेरिकेच्या काठाला. इंग्रजांची माणसं रात्री नदी ओलांडून गेली, बोट पेटवली आणि धबधब्याकडे सोडून दिली. अमेरिका भडकली. त्या पत्रव्यवहारातून नियम ठरला तो असा: स्वसंरक्षणासाठी हद्द ओलांडायची तर संकट तात्काळ हवं, इतकं की दुसरा मार्ग नाही आणि विचार करायलाही वेळ नाही; आणि केलेली कारवाई संकटाच्या मानाने बेताची हवी. समुद्रात पळणाऱ्या जहाजाचा पाठलाग करायचा हक्क कायद्याने मानलेला आहे. जमिनीवर तसा सरसकट हक्क कुठेच मानलेला नाही.

१९४८ च्या उन्हाळ्यात आपल्या फौजांना रझाकारांचा निजामाच्या हद्दीत पाठलाग करायची मुभा मिळाली. जुलैमध्ये नानजचं प्रकरण झालं. सोलापूर-बार्शी भागात भारतीय मुलखाने वेढलेलं निजामाचं गाव. भारतीय तुकडीवर तिथे दबा धरून हल्ला झाला, आपल्या जवानांचे जीव गेले आणि फौजेने ते गावच ताब्यात घेतलं. पोलो कारवाईच्या दीड-एक महिना आधी. आकाशातली हद्दही तशीच मोडत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमानं भरभरून शस्त्रं हैदराबादला आणत होता. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाचा त्याच्या डोक्यावरच्या आकाशावर हक्क मानलेला, पण आपल्याकडे तेव्हा रात्रीचं विमान पकडायची सोय कुठे होती?

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबादने सुरक्षा परिषदेला तार केली. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत ३५ (२) कलम आहे: सदस्य नसलेला देशसुद्धा वाद घेऊन येऊ शकतो. पण 'देश' असला पाहिजे! सगळं घोडं तिथेच अडलेलं. १३ सप्टेंबरला जनरल चौधरींच्या फौजा सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने घुसल्या. परिषदेची बैठक पॅरिसला भरली १६ सप्टेंबरला, म्हणजे शरणागतीच्या आदल्या दिवशी. विषय पटलावर घ्यायचा की नाही यावर मतदान झालं. आठ देश बाजूने, विरोधात कुणी नाही, तिघे तटस्थ: चीन, रशिया, युक्रेन. हैदराबादतर्फे मोईन नवाज जंग, आपल्यातर्फे रामस्वामी मुदलियार. मुदलियारांचा मुद्दा एकच, हैदराबाद हा देश नाही, कधीच नव्हता, त्याला इथे यायचा अधिकारच नाही.

दुसऱ्या दिवशी निजामाच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली. २२ तारखेला निजामाची तार गेली की तक्रार मागे घेतो. मोईन नवाज जंग म्हणाले की निजाम आता कैदी आहे, त्याच्या तारेला अर्थ नाही. मे १९४९ मध्ये पाकिस्तानने पुन्हा विषय काढला, बोलाचाली झाली, निर्णय काही नाही. परिषदेने ना आपल्याला चूक म्हटलं, ना बरोबर. 'हैदराबाद प्रश्न' हा विषय मात्र परिषदेच्या कामकाजाच्या यादीत पुढे कितीतरी दशकं तसाच पडून राहिला. आपल्या तहसीलमधल्या फेरफारच्या अर्जासारखा.

आता 'पोलीस ॲक्शन' या शब्दाबद्दल. रणगाडे, विमानं, मेजर जनरल, आणि नाव पोलीस कारवाई? कारण युद्ध म्हटलं की समोरचा देश ठरतो. पोलीस म्हटलं की घरातला मामला, आणि घरातल्या मामल्यात संयुक्त राष्ट्रांनी पडायचं नाही असं सनदेचं २ (७) कलम. पण गंमत बघा. हाच शब्द आणि हाच युक्तिवाद वर्षभर आधी डच लोक इंडोनेशियात वापरत होते. आणि ती पोलीस कारवाई नाही, युद्ध आहे, म्हणून जुलै १९४७ मध्ये सुरक्षा परिषदेचं दार कुणी ठोठावलं? ऑस्ट्रेलियाने आणि आपण. भारताने. मी हे वाचलं तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो.

दोन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या, हे माझं मत आहे आणि ते कायद्याच्या पुस्तकापेक्षा नकाशातून आलंय. डच सात समुद्र ओलांडून आले होते. हैदराबाद भारताच्या पोटात होतं, समुद्र नाही, दुसरा शेजारी नाही. परराष्ट्र व्यवहार त्याने कधी स्वतः केला नव्हता. 'जैसे थे' करारातही तो विषय जुन्याच व्यवस्थेवर सोडलेला. एकाही मोठ्या राष्ट्राने त्याला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली नव्हती. आणि बहुसंख्य जनतेला निजाम नको होता. पण जनतेला नको होता, हे मतपेटीने कुणी मोजलं नव्हतं, हेही खरं. सार्वमताची बोलणी दोन्हीकडून झाली, झालं मात्र नाही.

पुढचा भाग लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

शब्द निवडला की त्याची किंमत कुणीतरी मोजतं. पोलीस कारवाई म्हटल्यावर युद्धाचे नियम आपोआप लागत नाहीत, आणि सामान्य नागरिकांच्या संरक्षणाचा जिनिव्हा करार तर ऑगस्ट १९४९ चा, अजून झालाच नव्हता. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड त्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान कुटुंबांवरही निघाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. तिचा अहवाल वर्षानुवर्षं दाबलेला होता, दहा-बारा वर्षांपूर्वी दिल्लीत लोकांना बघायला मिळाला. समितीचा अंदाज एकूण २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेडला. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत, जिथे मिळून किमान ५ हजार गेले असं समिती म्हणते, आपल्या बीडचं नाव आहे. आकड्यांवर वाद आहेत, असू द्या. माझ्या वीस वर्षांच्या भाषणांत हा जिल्हा नुसता मुक्त होत आला. यातलं एक वाक्य मी कधी बोललो नव्हतो. त्या काळात मेलेल्या आपल्या हिंदू शेतकऱ्याचं नाव घ्यायला जशी हिंमत लागत नाही, तशी याला लागते, हेच मला खटकलं.

थोडं विषयांतर, पण मराठी माणसाला आवडेल असं. वेढलेल्या गावांचा कायदा अखेर ठरला तो हैदराबादवर नाही, दादरा-नगर हवेलीवर. १९५४ मध्ये आपल्याच मराठी स्वयंसेवकांनी, ज्यात गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते, तो मुलूख पोर्तुगीजांकडून सोडवला. पोर्तुगालला दमणहून तिथे फौज न्यायची तर मध्ये भारताची जमीन. भारताने वाट दिली नाही. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि २२ डिसेंबरला हेगला खटला दाखल! आठ दिवसांत. आपल्या बाजूने मोतीलाल सेटलवाड, आणि न्यायाधीशांत भारताने नेमलेले म. क. छागला.

पोर्तुगालचा आधार काय, तर पेशव्यांशी १७७९ चा पुणे तह. मग हेगमध्ये मोडी-मराठी कागदांचा कीस पडला. न्यायालय म्हणालं, मराठ्यांनी गावं दिली ती राज्य म्हणून नाही, १२ हजार रुपयांच्या वसुलापुरती, सरंजाम म्हणून. 'सरंजाम' हा आपला शब्द आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकालात आहे! १२ एप्रिल १९६० चा निकाल: माणसं, मुलकी अधिकारी, माल यांना वाटेचा हक्क होता, फौज, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता. शेवटच्या मुद्द्यावर आठ विरुद्ध सात. एका मताने. तो हिशेब नानजला लावला तर निजामाच्या गावकऱ्याला बाजाराला जायची वाट मिळते, बंदूक घेऊन जायची मिळत नाही.

आणि ज्यांना वाटतं हे सगळं जुनं झालं, त्यांच्यासाठी: २० सप्टेंबर १९४८ ला, शरणागतीनंतर तीन दिवसांनी, लंडनच्या बँकेतल्या निजामाच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून थोडी जास्त रक्कम पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त रहीमतुल्ला यांच्या नावावर गेली. ते पैसे कुणाचे हा खटला चालला तो थेट ऑक्टोबर २०१९ पर्यंत. लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला निजामाचे वारस आणि भारत यांच्या बाजूने. तोवर व्याजासह रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात. आमच्या आष्टीत बांधाचे दावे तीन पिढ्या चालतात म्हणून आपण उगीच नावं ठेवतो.

तर त्या पोराला मी परवा गाठलं. एसटी स्टँडवर. म्हणालो, बाबा, माझं उत्तर असं: ती हद्द १५ ऑगस्ट १९४७ च्या आधी दोन देशांची नव्हती, २३ नोव्हेंबर १९४९ ला निजामाने भारताची घटना मान्य केल्याचं फर्मान काढलं त्यानंतर तर नव्हतीच. मधल्या काळात ती काय होती यावर कुठल्याही न्यायालयाने निकाल दिलेला नाही. तुझ्या 'आक्रमण का?' ला माझं उत्तर 'नाही' आहे, पण ते माझं मत आहे, निकाल नाही. आणि मुक्ती कुणापासून, तर ज्याला आपल्याला विचारायची गरज वाटत नव्हती अशा राजापासून. जामखेडकडची, बार्शीकडची ती विखुरलेली गावं जानेवारी १९५० मध्ये एका सरकारी आदेशाने आजूबाजूच्या मुलखात विलीन झाली, त्याला कुणी मुक्ती म्हणत नाही, पण आजीच्या दृष्टीने हद्द खरी पुसली ती तशाच कागदांनी.

पोरगं ऐकून घेत होतं. मग म्हणालं, "पण सर, आपल्याला मग विचारलं कधी?"

१९५२ ला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. आणि ज्या काँग्रेसच्या सरकारने फौज पाठवली, तिच्या उमेदवाराला बीडने लोकसभेवर पाठवलं नाही. निवडून आले पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र गोविंद परांजपे. म्हणजे अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे, स्वामीजींचे जुने सहकारी.

पोराची गाडी लागली होती, कड्याची. तो गेला. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईलवर विचारलंय की त्या निवडणुकीत कुणाला किती मतं पडली. शोधतोय.